बंद पडणारी गाडी आणि तात्यांची वही

मंडळी, पूर्वी आपल्या दारात बैलगाडी असे. बैल थांबला तर तो का थांबला, हे शेतकऱ्याला लगेच कळे. बैल लंगडतो आहे, खांद्याला सूज आहे, रात्री चारा खाल्ला नाही. डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे.

आता दारात डिझेलवर चालणारी पिकअप गाडी आली. ती वाटेत थांबली की आपण खाली उतरतो, दर्शनी झाकण वर करतो आणि आत बघत उभे राहतो. काही कळत नाही. मग कोणी म्हणतो, बॅटरी गेली. कोणी म्हणतो, पंप गेला. ज्याचे त्याचे मत वेगळे. पैसे मात्र आपले जातात.

आम्ही मास्तर माणूस. आम्ही जन्मात कधी गाडी चालवलेली नाही. तरीही हा पाठ आम्ही लिहीत आहोत. कारण तो आम्हांला आमच्याच रात्रीच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने शिकवला.

तात्यांची गाडी

या विद्यार्थ्याला वर्गात सगळे तात्या म्हणतात. वय पंचेचाळीस. गाव जुन्नर तालुक्यातले. शेतात टोमॅटो. तात्यांनी कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली. रोज पहाटे टोमॅटोची कॅरेट भरायची आणि २२ किलोमीटरवरच्या नारायणगावच्या बाजारात न्यायची. स्वतःचा माल नसेल त्या दिवशी दुसऱ्याचे भाडे करायचे. असा बेत होता.

दोन महिने बरे गेले. मग गाडी चालता चालता बंद पडू लागली. आधी आठवड्यातून एकदा. पुढे रोज. टोमॅटो हा नाशवंत माल. उशीर झाला की लिलाव उरकतो. मग भाव पडून मागतात. बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

तात्यांनी एका गॅरेजात दाखवले. तिथे बॅटरी बदलली. चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद. दुसऱ्या गॅरेजात डिझेलचा फिल्टर बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्याने सांगितले, "तात्या, डिझेल पंप गेलाय. नवा टाका." पंपाची किंमत ऐकून तात्या गप्प झाले. त्या रात्री घरात ठरले, की काकूंच्या हातातल्या पाटल्या मोडायच्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात तात्यांचे लक्ष नव्हते. आम्ही विचारले, "तात्या, काय झाले?"

तात्या म्हणाले, "गुरुजी, गाडी चालता चालता गप होतीय. काय कळंना झालंय."

"कधी बंद पडते?"

"कधीबी."

"भरलेली असताना की रिकामी?"

"दोन्ही टायमाला."

"टाकीत डिझेल किती असते?"

तात्या डोके खाजवू लागले. "ते काय ध्यानात न्हाई."

आम्ही म्हणालो, "पाटल्या आठ दिवस घरातच राहू द्या. तुम्हांला आता लिहिता येते. रोज वहीत लिहा. गाडी कधी बंद पडली, कुठे पडली, माल किती होता, काटा कुठे होता, धूर कसा होता. बंद पडली नाही, तर तेही लिहा."

खरे सांगायचे तर आम्हांला यंत्रातले काही कळत नव्हते. तात्यांचा लिहिण्याचा सराव होईल, एवढाच आमचा हेतू होता.

डिझेलचे इंजिन कसे चालते?

तात्या लिहीत आहेत, तोवर आपण इंजिनाची माहिती घेऊ.

रुडॉल्फ डिझेल नावाचा एक जर्मन इंजिनियर होऊन गेला. त्याने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्याच्याच नावावरून या इंजिनाला आणि तेलालाही डिझेल म्हणू लागले.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. मग डिझेल पेटते कसे?

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण पाहिले आहे. हवा दाबली की ती तापते. डिझेलच्या इंजिनात दट्ट्या वर येतो आणि हवा फार जोराने दाबतो. साधारण सोळा ते वीस वाट्या हवा एका वाटीत कोंबावी, इतका तो दाब असतो. त्यामुळे हवा पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो. फवारा आपोआप पेट घेतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. हेच पुन्हा पुन्हा घडते आणि चाक फिरते.

म्हणजे या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, दाब आणि डिझेल.

आता विचार करा. गाडी सकाळी नीट चालली, दुपारी बंद पडली आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू झाली. यात दाबाचा दोष असेल का? बहुधा नाही. इंजिन झिजले की दाब हळूहळू कमी होतो. तो दुपारी जाऊन संध्याकाळी परत येत नाही. हवा कमी पडली तर गाडी काळा धूर सोडते आणि ओढत नाही. मग उरले डिझेल. चालती गाडी थांबते, तेव्हा पुष्कळ वेळा डिझेलच्या वाटेतच काही अडलेले असते.

ती वाट अशी आहे. टाकी, टाकीतली नळी, बाहेरची नळी, फिल्टर, पंप, नोझल. पंप आणि नोझल ही महाग वस्तू. पण ती वाटेच्या शेवटी आहेत. विहिरीचे पाणी पिकाला पोचले नाही, तर आपण आधी पिकाकडे पाहतो का? आपण विहिरीपासून पाट बघत येतो. गाडीचेही तसेच करावे. टाकीपासून सुरुवात करावी.

वहीत काय निघाले?

तात्यांची वही आम्ही पाहिली. अक्षर वाकडे होते, पण मजकूर सरळ होता. त्यातल्या काही ओळी अशा:

सोमवार. काटा पावावर. माल ५५ कॅरेट. दोनदा बंद. धूर नाही.

मंगळवार. काटा पावाच्या खाली. गाडी रिकामी. एकदा बंद. हँड पंप मारला. चालू झाली. परत बंद.

गुरुवार. भाव बरा मिळाला. टाकी फुल केली. येताना बंद नाही.

शुक्रवार. माल ६० कॅरेट. चढ होता. बंद नाही.

शनिवार. पुण्याचे भाडे केले. जाऊन येऊन कुठे बंद नाही.

सोमवार. काटा अर्ध्यावर. माल ६०. बंद नाही.

मंगळवार. काटा अर्ध्याच्या खाली. माल ५०. एकदा बंद.

बुधवार. काटा आणखी खाली. माल ४०. तीनदा बंद.

मंडळी, इथे थोडे थांबा. या ओळी पुन्हा वाचा. गाडी केव्हा बंद पडते आणि केव्हा पडत नाही, ते तुम्हांला दिसते का?

साठ कॅरेट माल असताना चढावर गाडी चालली. रिकामी असताना बंद पडली. म्हणजे दोष मालाचा नाही, चढाचाही नाही. टाकी भरलेली होती तोवर गाडी पुण्याला जाऊन आली. काटा अर्ध्याच्या खाली गेला आणि दुखणे परत सुरू झाले.

आणि हे आधी कोणाला का कळले नाही? कारण तात्यांच्या हातात पैसे कमी. ते रोज थोडे थोडे डिझेल टाकीत. टाकी कधी भरतच नसे. त्यामुळे गाडी रोज बंद पडे आणि वाटे, की ती कधीही बंद पडते.

मिस्त्रींनी काय केले?

तात्या वही घेऊन नारायणगावला एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी वही दोनदा वाचली. मग म्हणाले, "तात्या, गाडी एअर घेतीय. पंपाला हात लावू नका. आधी टाकी बघू."

एअर घेते म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते. तात्यांच्या गाडीत पंप डिझेल टाकीतून ओढून घेतो. आपण नळीने शहाळ्याचे पाणी पितो, तसे. शहाळ्यातल्या नळीला मध्येच भोक असेल तर काय होईल? शहाळे भरलेले असेल तोवर भोक पाण्याखाली राहील आणि पाणी तोंडात येईल. पाणी भोकाच्या खाली गेले, की तोंडात नुसती हवा येईल. शहाळ्यात पाणी असेल, पण आपण तहानलेले राहू.

तसेच गाडीचे झाले असावे, असे मिस्त्रींना वाटले. पण ते अंदाजावर थांबले नाहीत. त्यांनी परीक्षा घेतली.

टाकीत डिझेल कमीच होते. मिस्त्रींनी उभ्या गाडीचे इंजिन चालू करून जोरात फिरवले. थोड्या वेळात ते बंद पडले.

मग एका स्वच्छ डब्यात डिझेल घेतले. डबा गाडीवर उंच बांधला. टाकीकडून येणारी नळी सोडवून त्या जागी डब्यातली नळी जोडली. पंपाकडे गेलेले सगळे डिझेल जळत नाही, उरलेले परत येते. ती परतीची नळीही डब्यात सोडली. हँड पंप मारून नळीतली हवा काढली. इंजिन चालू केले. अर्धा तास झाला, इंजिन बंद पडेना.

मग पुन्हा टाकीची नळी जोडली. इंजिन पुन्हा बंद.

पंप तोच, नोझल तीच, फिल्टर तोच. बदलली फक्त टाकी आणि तिची नळी. म्हणजे दोष कुठे आहे, ते उघड झाले. टाकीतली नळी बाहेर काढली. ती मध्यावर गंजली होती आणि तिला टाचणीच्या डोक्याएवढे भोक पडले होते.

नवी नळी बसली. टाकी धुऊन घेतली. पंपाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नव्हता. पाटल्या काकूंच्या हातातच राहिल्या.

आधीच्या गॅरेजवाल्यांना नावे ठेवू नका. त्यांच्या दारात गाडी बंद पडत नव्हती. तात्यांनी त्यांना एवढेच सांगितले होते, की गाडी बंद पडते. डॉक्टरकडे जाऊन नुसते "दुखतंय" म्हटले, तर डॉक्टर तरी काय करील? कुठे दुखते, केव्हा दुखते, हे सांगावे लागते.

गाडीला लिंबू-मिरची बांधावी, असेही काहींनी तात्यांना सुचवले होते. तात्यांनी बांधलीही. बांधायला हरकत नाही. पण लिंबाने नळीचे भोक बुजत नाही.

प्रत्येक गाडीचे दुखणे वेगळे

तात्यांच्या गाडीला झाले तेच तुमच्या गाडीला असेल, असे नाही. म्हणून खालच्या खुणा ध्यानात ठेवा.

१. डिझेल संपले. हसू नका. काटा खोटे सांगू शकतो. आधी टाकीत डिझेल आहे का, ते पाहा.

२. टाकीचे झाकण. डिझेल कमी होते तशी टाकीत बाहेरची हवा यावी लागते. त्यासाठी झाकणात किंवा वेगळ्या नळीत बारीक वाट असते. ती चिखलाने बुजली, की डिझेल ओढले जात नाही. काही किलोमीटर गेल्यावर गाडी थांबते. अशा वेळी झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि मग गाडी चालू झाली, तर दोष तिथेच आहे.

३. टाकीतला कचरा. गंज, गाळ किंवा चिंधीचा तुकडा नळीच्या तोंडाशी येतो. गाडी बंद पडते. थोड्या वेळाने कचरा खाली बसतो आणि गाडी आपोआप चालू होते. टाकी धुऊन घ्यावी.

४. फिल्टर तुंबला. सपाट रस्त्यावर गाडी चालते. माल भरून चढ आला, की ओढत नाही आणि बंद पडते. फिल्टर वेळेवर बदलावा.

५. डिझेलात पाणी. पावसाळ्यात, किंवा पिंपातले डिझेल भरल्यावर असे होते. पाणी डिझेलपेक्षा जड असते, म्हणून ते तळाशी बसते. पुष्कळ गाड्यांत फिल्टरच्या खाली एक स्क्रू असतो. इंजिन बंद करून तो ढिला करावा आणि थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. थोडा वेळ ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसेल. मग स्क्रू घट्ट करावा.

६. बाहेरच्या नळीतून हवा. रबरी नळी चिरली, क्लिप ढिली झाली किंवा वॉशर खराब झाला, तर तिथून हवा आत शिरते. सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. झाली तर काही वेळात बंद पडते. ही नळी ओढणारी आहे. त्यामुळे बाहेर डिझेल गळताना दिसेलच, असे नाही.

७. हवेचा फिल्टर. धुळीने भरला, की काळा धूर येतो आणि गाडी ओढत नाही.

८. वीज. पुष्कळ गाड्यांत पंपावर विजेची एक झडप असते. बॅटरीची किंवा झडपेची वायर ढिली असली, की खड्ड्यात गाडी आदळताच इंजिन एकदम बंद पडते. आधी वायरी घट्ट आहेत का, ते पाहा.

९. तापल्यावर बंद, निवल्यावर चालू. नव्या गाड्यांत इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर असतो. तो बिघडला तर असे होते. पण आधी पाण्याचा काटा पाहा. इंजिनच फार तापत असेल, तर गाडी तशीच हाकू नका.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बी.एस. ६ नियमाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. या गाड्यांत पुष्कळ काम सेन्सर आणि संगणक करतात. समोर दिवा लागतो. मिस्त्री यंत्र लावून दोषाचा क्रमांक वाचतात. तो क्रमांक वहीत लिहून घ्या. पण क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. तो फक्त कुठे शोधायचे ते सांगतो.

जिवाला जपा

गाडी चालताना बंद पडली, की ब्रेक आणि सुकाणू जड होतात. घाबरू नका. ब्रेक जोराने आणि एकदाच दाबून धरा. पुन्हा पुन्हा दाबल्यास तो आणखी जड होतो. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. चारही दिवे लुकलुकत ठेवा. मागे लांबवर तिकोनी फलक ठेवा. चाकाला दगड लावा आणि निघताना तो उचलून बाजूला टाका. तो दगड दुसऱ्या कोणाचा जीव घेऊ शकतो. संकटात ११२ क्रमांकावर फोन करा.

उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नका.

पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या नळीत फार मोठा दाब असतो. ती गळते का, हे हात लावून पाहू नका. बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. जखम सुईएवढी दिसते, पण हात गमवावा लागतो. असे झाले तर लगेच इस्पितळात जा. ती नळी घरी सोडू नका.

टाकी रिकामी असली, तरी तिला वेल्डिंग करू देऊ नका. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. आणि डिझेलचे काम चालू असताना विडी पेटवू नका.

लक्षात ठेवा

स्वस्त वस्तू आधी तपासा, महाग वस्तू शेवटी.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर गुण कशाने आला, ते कळत नाही.

बंद पडली तेव्हाचे लिहा. बंद पडली नाही तेव्हाचेही लिहा. तात्यांच्या वहीत "बंद नाही" या ओळी नसत्या, तर त्या भोकाचा पत्ता लागला नसता.

तात्या परवा वर्गात म्हणाले, "गुरुजी, मला वाटायचं, लिहिणं म्हंजे सही करण्यापुरतं." आता ते मोटारीचे, मजुरीचे, औषध-फवारणीचे, सगळे वहीत लिहितात. काकूही वर्गाला येऊ लागल्या आहेत. दुधाचा हिशोब त्या आता स्वतः लिहितात.

प्रश्न

१. डिझेलच्या इंजिनात ठिणगीशिवाय डिझेल कसे पेटते?

२. टाकी भरलेली असताना तात्यांची गाडी बंद का पडत नव्हती?

३. मिस्त्रींनी डबा का बांधला? पुन्हा टाकीची नळी का जोडली?

४. एक गाडी दहा किलोमीटरवर बंद पडते. झाकण उघडताच सूं आवाज येतो आणि गाडी चालू होते. दोष कुठे असेल?

करून पाहा

तुमच्या घरी गाडी, शेतातली मोटार किंवा फवारणीचा पंप असेल. त्याची एक वही करा. पानावर पाच रकाने आखा. वार, काम किती, तेल किती, बंद पडले का, आणि त्या वेळी काय दिसले. आठ दिवस लिहा. मग वही वर्गात आणा. आपण सगळे मिळून वाचू.